जनरल मोटर्सचं नाव कशानं झालं आणि कशानं गेलं?

मिशिगनवासी (धागाकर्ता):

मंडळी, गाड्यांच्या दुसऱ्या एका धाग्यावर ‘अमेरिकन गाड्या म्हणजे नुसता पत्रा’ असं कुणीतरी लिहिलं होतं. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. मी अठरा वर्षं मिशिगनमध्ये आहे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांमध्ये क्वालिटीचं काम करतो. जनरल मोटर्सच्या पगारावर कधीच नव्हतो. पण इथं ज्याच्या घरी जावं त्याचा बाप नाहीतर मामा जीएममधून रिटायर झालेला असतो. त्यामुळे या कंपनीबद्दलचा अभिमान आणि राग दोन्ही एकाच जेवणाच्या टेबलावर ऐकत आलोय.

सुरुवात फ्लिंट गावापासून. डेट्रॉइटहून तासाभराची वाट. विल्यम ड्युरंट तिथं घोडागाड्यांचा मोठा कारखानदार होता. १९०४ मध्ये त्यानं अडचणीत आलेली ब्युइक ही गाड्यांची कंपनी हातात घेतली, १६ सप्टेंबर १९०८ ला जनरल मोटर्स स्थापन केली आणि वर्षभरातच ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक, ओकलंड विकत घेतल्या. खरेदीच्या झपाट्यात कर्ज एवढं झालं की १९१० मध्ये बँकांनी सूत्रं काढून घेतली. पठ्ठ्यानं १९११ मध्ये लुई शेव्हर्ले या शर्यतीतल्या ड्रायव्हरला हाताशी धरून नवी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जीएम परत मिळवली आणि १९२० मध्ये पुन्हा घालवली. म्हातारपणी तो फ्लिंटमध्येच बोलिंगची जागा चालवायचा. १९४७ च्या मार्चमध्ये तो गेला. एवढी मोठी कंपनी उभी करणाऱ्याचं नाव आज गाडीवेड्या लोकांनाही पटकन आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ड्युरंटनं गोळा केलं आणि आल्फ्रेड स्लोननं मांडलं. स्लोन १९२३ मध्ये अध्यक्ष झाला. तेव्हा फोर्ड एकच मॉडेल टी स्वस्त करत करत विकत होता. स्लोननं पाच पायऱ्यांचा जिना बांधला: खाली शेव्हर्ले, मग ओकलंड (पुढे पाँटियाक), ओल्ड्समोबाइल, ब्युइक आणि सगळ्यांत वर कॅडिलॅक. माणसाला बढती मिळाली की त्यानं एक पायरी चढायची, पण जीएमच्या घराबाहेर जायचं नाही. हप्त्यानं गाडी देणारी वित्त कंपनी १९१९ मध्येच निघाली होती. दरवर्षी थोडा नवा चेहरा द्यायचा ही कल्पनाही याच घरात रुजली, आणि १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली रंगरूपासाठी स्वतंत्र विभाग निघाला. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. १९६२ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दोन गाड्यांतली एक जीएमची होती.

आता माझं मत. जीएमचं नाव ज्या गोष्टीनं झालं तिनंच ते घालवलं. स्लोनची हिशेबाची शिस्त जबरदस्त होती, पण पुढे फ्रेडरिक डोनर, रॉजर स्मिथ, रिक वॅगनर असे प्रमुख एकामागून एक हिशेबखात्यातून वर आले, आणि शॉप फ्लोअरवरची, म्हणजे जिथं गाडी बनते तिथली, वाईट बातमी वरपर्यंत जाण्याची वाटच बुजली. बाकीचं सगळं, म्हणजे जपानी गाड्या, युनियन, तेलाचे भाव, हे त्यानंतर येतं. तुमचे अनुभव आणि मतं लिहा.

भोसरीकर:

वाचनखूण साठवली. ‘जे जीएमच्या भल्याचं तेच अमेरिकेच्या भल्याचं’ असं त्यांचाच एक प्रमुख भर सिनेटमध्ये म्हणाला होता ना? एवढा माज डोक्यात गेला की पुढचं दिसत नाही. मला सगळं मूळ तिथंच वाटतं.

इतिहासवेडी:

भोसरीकर, ते वाक्य तसं नव्हतं. १९५३ ची गोष्ट. जीएमचे प्रमुख चार्ल्स विल्सन यांची संरक्षणमंत्रिपदासाठी सिनेटच्या समितीपुढे चौकशी चालली होती. देशाच्या हितासाठी कंपनीच्या विरोधात निर्णय घ्यावा लागला तर घ्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले की घेईन, पण असा प्रसंग येईलसं वाटत नाही, कारण जे देशाच्या भल्याचं ते जीएमच्या भल्याचं आणि उलटही, असंच मी वर्षानुवर्षं मानत आलो. म्हणजे देश आधी आला होता. लोकांच्या तोंडी ते उलटं होऊन बसलं. पण लोकांनी ते उलटं का केलं, हेही पाहायला हवं. कारण त्यांना जीएम तशीच दिसत होती.

मूळ लेखात एक मोठी गोष्ट सुटली आहे, ती मी भरते. फ्लिंटचा संप.

३० डिसेंबर १९३६. जीएमच्या गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या फिशर बॉडीच्या कारखान्यातले कामगार काम थांबवून बाहेर आले नाहीत, यंत्रांपाशीच बसून राहिले. बाहेर निदर्शनं केली असती तर कंपनीनं दुसरी माणसं आत घेतली असती. आत बसल्यावर तो मार्ग बंद झाला. ऐन थंडीत कंपनीनं आतली उष्णता बंद केली. ११ जानेवारीला पोलीस अश्रुधूर घेऊन आले, तेव्हा आतल्या लोकांनी आगीच्या नळ्यांनी बर्फगार पाणी मारलं आणि गाडीच्या दरवाज्यांच्या लोखंडी बिजागऱ्या फेकल्या. ज्या बिजागऱ्या ते रोज बसवायचे त्याच! त्यानंतर बाहेर बायकांनी तुकडी उभारली. लाल टोप्या घालून, हातात दांडकी घेऊन त्या पोलिसांच्या आणि कारखान्याच्या मध्ये उभ्या राहायच्या. मिशिगनचे गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलावलं, पण कामगारांना हुसकायला ते वापरायचं नाकारलं. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ ला, जीएमनं युनियनला मान्यता दिली.

आपल्याकडे गिरणी संपाच्या आठवणी घराघरात आहेत, म्हणून मला हा भाग वाचताना नेहमी भरून येतं. हा संप सोडून जीएमचा इतिहास लिहिणं म्हणजे गिरण्या सोडून लालबाग-परळचा इतिहास लिहिणं.

मिशिगनवासी (धागाकर्ता):

ताई, मनापासून आभार. सुटलंच होतं ते. फ्लिंटमध्ये आजही म्हातारी माणसं ‘माझा बाप आत बसला होता’ हे सांगताना ताठ बसतात.

स्पॅनर:

हिशेबवाल्यांनी वाट लावली हे मान्य, पण इंजिनिअरिंगवर अन्याय नको. १९०८ मध्ये, म्हणजे जीएमनं विकत घेण्याच्या थोडं आधी, कॅडिलॅकच्या तीन गाड्या इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला नेऊन पार सुट्ट्या केल्या, भागांची मिसळ केली, काही भाग बदलून साठ्यातले घातले, आणि साध्या पान्या-स्क्रूड्रायव्हरनं पुन्हा तीन गाड्या जोडून ५०० मैल पळवल्या. कानस लावायला बंदी. त्या काळी एकेक भाग घासून बसवण्याची पद्धत असताना ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं फिटरचं काम केलंय त्याला कळेल.

नंतर चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरचा इलेक्ट्रिक स्टार्टर, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. हँडल मारताना उलटा झटका बसून मनगटं मोडायची, ते संपलं. १९४० मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक, म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिक गिअर. अमेरिकेत घरोघरी वर्षानुवर्षं याच गाड्या चालल्या. याला नुसता पत्रा म्हणायचं?

इतिहासवेडी:

स्पॅनर, खरं आहे. पण त्याच केटरिंगच्या जीएममधल्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजलीला पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती सापडली. इंजिनचं खटखटणं थांबलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथं ते रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन मेले. तरी धंदा चालू राहिला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं. मुंबईच्या सिग्नलवर लहानपणी आपण जो धूर खाल्ला त्याची एक मुळी तिथं आहे. स्टार्टर आणि शिसं एकाच घरातून आलं, दोन्ही लिहायला हवं.

स्पॅनर:

मान्य. माझ्या लिस्टमध्ये ते नव्हतं, असायला हवं होतं.

एसटीप्रेमी:

एक भर. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड होती. लाकडी बॉडीची. बेडफर्ड म्हणजे इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉलचा ट्रकचा व्यवसाय, आणि व्हॉक्सहॉल १९२५ पासून जीएमची. म्हणजे आपल्या लाल डब्याची सुरुवात जीएमच्या चाकांवर झाली!

आणि त्याच्याही आधी १९२८ मध्ये जीएमनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि शिवडीत शेव्हर्ले उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर सरकारनं इथंच भाग बनवण्याची अट घातली, तेव्हा जीएम आणि फोर्ड दोघांनीही पन्नाशीच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात गाशा गुंडाळला.

तवेरावाला:

शिवडीचं माहीतच नव्हतं, भारी!

आमच्या घरी नऊ वर्षं जीएमची शेव्हर्ले तवेरा होती, टुरिस्ट परमिटची. शिर्डी-शिंगणापूर, अष्टविनायक, एकदा थेट गाणगापूर. वर कॅरिअर, त्यावर ताडपत्री, आत नऊ माणसं आणि मधल्या सीटखाली फरसाणाचा डबा. ताम्हिणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ती जो आवाज काढायची तो अजून कानात आहे. गाडीनं कधी त्रास दिला नाही. पण २०१३ मध्ये पेपरात आलेलं प्रकरण नीट कळलं नाही कधी. कुणी सांगेल का?

मिशिगनवासी (धागाकर्ता):

तवेरावाले दादा, जुलै २०१३ मध्ये जीएम इंडियानं १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या, २००५ ते २०१३ मधल्या. धुराच्या तपासणीसाठी मुद्दाम कमी धूर सोडणारी इंजिनं बसवलेल्या गाड्या पाठवल्या जायच्या, आणि गिऱ्हाइकाला मिळायची ती गाडी वेगळी. कंपनीनं हे सरकारला स्वतः कळवलं आणि बऱ्याच जणांना काढलं, त्यात अमेरिकेतला इंजिन विभागाचा एक वरिष्ठ अधिकारीही होता. सरकारी समितीनं त्याला फसवणूक असाच शब्द वापरला.

बघा, ‘वाईट बातमी वर जात नाही’ म्हणतो ते हेच. सात-आठ वर्षं खाली अनेकांना ठाऊक असणार.

भोसरीकर:

दादा, एक विचारतो, रागावू नका. तुम्ही सगळं मॅनेजमेंटवर ढकलताय. पेन्शन आणि औषधपाण्याचा खर्च कोण विचारात घेणार? मी स्वतः चाळीस माणसांचं वर्कशॉप चालवतो. पगारवाढीचा करार केला की पाच वर्षांनी तो कसा बसतो हे मला माहीत आहे.

मिशिगनवासी (धागाकर्ता):

रागवायचं काय, प्रश्न रास्त आहे. १९५० मध्ये युनियनचे वॉल्टर रॉयथर आणि जीएम यांच्यात पाच वर्षांचा करार झाला, त्यात पेन्शन आणि आरोग्य विमा आला. जीएम निम्मा बाजार राखून होती तोवर ते जड नव्हतं. बाजार आक्रसला, रिटायर लोक वाढले, आणि २००५ च्या सुमाराला प्रत्येक गाडीमागे साधारण १,५०० डॉलर नुसत्या आरोग्यखर्चाचे पडत होते. टोयोटावर तो बोजा नव्हता. हे खरंच आहे.

पण ‘कामगारच वाईट’ म्हणणाऱ्यांना मी फ्रीमाँटचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातला हा जीएमचा कारखाना इतका बदनाम होता की रोज पाचातला एक कामगार गैरहजर, आवारात दारू, आणि लाइनवरून अर्धवट गाड्या पुढे ढकललेल्या. १९८२ मध्ये जीएमनं तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच उघडला. युनियन तीच, माणसंही बहुतेक तीच. काही शे जणांना जपानला टोयोटाच्या ताकाओकाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथं त्यांनी पाहिलं की लाइनवरच्या कुठल्याही साध्या कामगाराला दोरी ओढून काम थांबवता येतं, आणि दोरी ओढल्यावर टीम लीडर ओरडत नाही, ‘काय अडलं?’ म्हणून धावत येतो. काही महिन्यांत फ्रीमाँटच्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघायला लागल्या.

भोसरीकर, माणसं तीच होती. दोरी नवीन होती. आणि वाईट याचं वाटतं की जीएमनं ती दोरी आपल्या इतर कारखान्यांत नेली, पण ओढणाऱ्याला अभय द्यायला अनेक ठिकाणी विसरली. पंचवीस वर्षं धडा घरात होता. २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला आणि जागा टेस्लानं घेतली.

भोसरीकर:

हे पटलं. उद्या शॉपवर बोलतो यावर.

निळाई:

इलेक्ट्रिक गाडीचं कुणीच लिहिलं नाही! ईव्ही१, १९९६. मोठ्या कंपनीनं मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून बनवलेली त्या काळातली पहिली गाडी. विकली नाही, फक्त भाड्यानं दिली, तीही कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात. १,११७ गाड्या बनल्या. २००३ मध्ये सगळ्या परत मागवल्या. लोक पैसे मोजून ठेवून घ्यायला तयार होते, तरी बहुतेक चिरडून टाकल्या. मला या प्रकरणाचा खराखुरा राग येतो. वॅगनर यांनी नंतर कबूल केलं की हा आपला सगळ्यांत वाईट निर्णय होता.

स्पॅनर:

निळाई, रागाशी सहमत. पण सुरुवातीच्या बॅटऱ्या शिसं-आम्लाच्या होत्या, पल्ला जेमतेम शंभर मैलांच्या आत. तोट्यात होती ती गाडी.

निळाई:

तोट्यात होती म्हणून बंद करणं समजू शकते. चिरडणं नाही समजत.

कॉलेजकुमार_मेक:

मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. इग्निशन स्विचची केस क्लासमध्ये पाच मिनिटांत उरकली. नीट सांगाल का काका?

मिशिगनवासी (धागाकर्ता):

नक्की सांगतो, कारण माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

आधी पार्श्वभूमी. नोव्हेंबर २००८ मध्ये जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही अमेरिकन कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला सरकारी मदत मागायला खासगी विमानांनी गेले आणि देशभर संताप उसळला. पुढच्या वेळी ते गाड्या चालवत आले. १ जून २००९ ला जीएमनं दिवाळखोरी जाहीर केली. सरकारनं ४,९५० कोटी डॉलर घातले, डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले तेव्हा हजार कोटी डॉलरहून जास्त परत आले नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये मेरी बारा प्रमुख झाल्या. इंजिनिअर, बाप जीएममध्ये डायमेकर. लोकांना वाटलं, आता गाडीवालं माणूस आलं. आणि पुढच्याच महिन्यात हे प्रकरण फुटलं.

किल्ली फिरवतो त्या स्विचमध्ये एक छोटी दट्ट्याची पिन असते, मागे स्प्रिंग. तिच्यामुळे किल्ली ‘चालू’ जागेवर अडकून राहते. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांत ही स्प्रिंग दीडएक मिलिमीटरनं आखूड होती. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का लागला की किल्ली मागे सरकायची. इंजिन बंद. स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेली, आणि एअरबॅग उघडत नाही. भरधाव गाडीत.

हे जीएममध्ये वर्षानुवर्षं माहीत होतं. पण खात्यानं त्याची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ अशी केली. सुरक्षेचा प्रश्न म्हणून नाही. एकदा का कागदावर गैरसोय लिहिलं की दुरुस्तीचा खर्च परवडतो का, एवढाच हिशेब उरतो. तो परवडला नाही. पुढे अँटन व्हालुकस या वकिलांनी चौकशी अहवाल दिला, त्यात दोन शब्द आहेत. ‘जीएम सलाम’, म्हणजे हाताची घडी घालून बोटं दोन्हीकडे दाखवायची, जबाबदारी त्याची आणि त्याची. आणि ‘जीएम होकार’, म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही.

शेवटी २६ लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीनंच नेमलेल्या भरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. ९० कोटी डॉलरचा दंड. पंधरा जणांना काढलं. सांगताना मी ‘१२४’ म्हणून पुढे जातो, पण त्यातली बरीचशी मुलं तुझ्या वयाची होती, पहिली स्वस्त गाडी घेतलेली.

कॉलेजकुमार_मेक:

काका, अंगावर काटा आला. पण हे सापडलं कसं?

मिशिगनवासी (धागाकर्ता):

एका मृत मुलीच्या आईवडिलांच्या वकिलानं लावलेल्या तज्ज्ञानं नवा आणि जुना स्विच शेजारी शेजारी ठेवले. आतली स्प्रिंग वेगळी होती. म्हणजे जीएमच्या कुणीतरी २००६ मध्ये स्विच सुधारायला मंजुरी दिली होती, पण भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे कुणाला कळलंच नाही की जुन्या गाड्यांमध्ये दोष आहे.

कॉलेजकुमार_मेक:

नंबर न बदलणं एवढं गंभीर का? भाग तर सुधारला ना?

मिशिगनवासी (धागाकर्ता):

माझाच किस्सा सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती अजून चालू आहे आणि तिथं चांगली माणसं काम करतात.

मी तेव्हा तिशीत. आम्ही एक छोटं प्लास्टिकचं क्लिप बनवायचो. मोल्डमध्ये बारीक बदल झाला, क्लिपचा दात थोडा जाड झाला. चांगलाच बदल होता. पण ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, चढवली नाही, कारण मग गिऱ्हाइकाकडून पुन्हा मंजुरी घ्यावी लागली असती आणि महिना गेला असता. सुपरवायझर म्हणाला, ‘आधीपेक्षा बराच आहे ना, चालतंय.’ मी सही केली. माझी सही अजून त्या कागदावर आहे.

तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या लाइनवर क्लिप सुटायला लागली. जुनी की नवी, कुणालाच सांगता येईना. दोन्हींवर एकच नंबर, एकाच रंगाच्या खोक्यांत, एकाच रॅकवर. ब्रेकचा भाग नव्हता हे नशीब. आम्ही पाच जण गिऱ्हाइकाच्या गोडाउनमध्ये गो-नो गो गेज (भाग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं माप) घेऊन बसलो. एकेक क्लिप उचलायची, गेजमध्ये घालायची, डाव्या डब्यात नाहीतर उजव्या. चाळीस हजार नग. बोटांची सालं निघाली होती. चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला शेवटचं खोकं उघडलं. त्यावर ‘नवीन माल’ अशी चिठ्ठी होती, आणि आत सोळा जुने नग निघाले.